कोंडातल्या निखाऱ्यांनी तळव्याला काय केले

माझ्या डाव्या पायाची करंगळी जागेवरच राहणार, असे काल सकाळी डॉक्टर नागरत्नांनी पट्टी सोडून, चष्मा पुसून, दोनदा पाहून सांगितले. म्हणून तीर्थरूप वीरभद्र भावोजींना मादय्याचा साष्टांग नमस्कार (तो तसाही आडवाच आहे). आपली व अक्काची प्रकृती बरी असावी.

मारम्मेच्या जत्रेत मी कोंडातून, त्या निखाऱ्यांनी भरलेल्या चरातून गेलो, त्याला आज अकरा दिवस झाले. बाकीचे निखाऱ्यांवरून पळतात, मी चाललो. मध्यावर थांबून देवीला हात जोडले आणि (आता कबूल करतो) सुटत आलेले धोतरही नीट खोचले. बाहेर आलो तर पुजारी रडत होते. आमची केंपम्मा, जी बावीस वर्षे मला ‘ऐकू येतं का’ एवढेच म्हणत आली, ती ‘स्वामी’ म्हणू लागली. पाया पडायला रांग लागली. त्यात एक आजी म्हणाल्या की स्वामींचा तळवा ओला लागतोय. फोड फुटला होता, मला पत्ता नाही. आजींच्या मागच्या दोघांनी तर ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले.

मग गावाने औषध केले. कुणी हळद भरली, कुणी दात घासायची पेस्ट, केंपम्माने कॉफीची पूड. सहाव्या दिवशी करंगळी काळीनिळी झाली, तेव्हा बैलगाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टरबाई अर्धा तास धूत होत्या. म्हणाल्या, “ही जखम आहे की कॉफीचा फिल्टर?” नंतर मला डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा ताठ दोरा टोचू लागल्या, टोचले की ‘हो’ म्हणायचे. मी सभ्य माणूस, मधूनमधून ‘हो’ म्हणत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, “मी केव्हाची टोचत नाहीये.”

रक्तातली साखर साडेतीनशेच्या घरात निघाली.

“देवीचा कौल नाही हा, मादय्या. साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. बाकीच्यांना चटका बसतो म्हणून ते पळतात आणि वाचतात. तुम्ही धोतर खोचत बसलात.”

आता रोज इन्सुलिन, दिवसाआड पट्टी, पाय जमिनीला लावायचा नाही आणि नाचणीच्या मुद्देचा गोळा लिंबाएवढा. केंपम्मा ‘ऐकू येतं का’वर परत आली आहे, घरात शांतता आहे.

ता. क. पंच पुढच्या वर्षी मला सर्वांत पुढे चालवणार म्हणतात. मी साफ नकार दिला.

पुन्हा ता. क. साफ नाही. देवीला विचारून सांगतो म्हणालो. रांग अजून येते, नारळही येतात.

आणखी एक. फोन अक्का उचलते, म्हणून हे बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे. इतका शांतपणे आणखी कोण चालला, असे डॉक्टरबाईंनी विचारले. भावोजी, माझ्यामागून तुम्ही येत होतात, अडकित्त्याने सुपारी कातरत. आणि अक्का परवा सांगत होती की तुमचा उजवा मोजा रोज ओला निघतो आणि तुम्ही बुटाला शिव्या देता. तळवा उलटा करून पाहा. त्यावर काही लावू नका, कॉफी तर नाहीच. उद्या पहिल्या बसने या. डॉक्टरबाई नऊला बसतात. पहिला नंबर माझा होता, तिथे तुमचे नाव घातले आहे.