खुर्ची राहिली, साहेब हलले

दि. ४ जून
ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी निलंबित झालोय. वहिनीला एवढ्यात सांगू नका.

मंत्र्यांच्या कचेरीतला सुतार मी. खुर्च्या-टेबलांपलीकडे कशात नव्हतो. पण रस्तेमंत्र्यांनी दार लावून घेऊन हुकूम सोडला, की पाटबंधारेमंत्र्यांच्या खुर्चीत ऐकायचं यंत्र बसव, त्यांची खाबुगिरी मोठ्या साहेबांच्या, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या, कानावर जाऊ दे. मी घाबरून बसवलं. आमच्या रस्तेमंत्री साहेबांचा चिटणीस टिपलेलं सगळं रोज वर पाठवू लागला.

मग दोघा मंत्र्यांच्या खात्यांची अदलाबदल झाली. माणसं हलली, खुर्च्या जागच्या जागी. आमचे साहेब नेमके त्याच खुर्चीत! पाठवणं थांबव असं चिटणिसाला कोणी सांगितलं नाही, म्हणून तो पाठवतच राहिला. धरणाच्या ठेकेदाराशी साहेबांचं गूळपीठ मोठ्या साहेबांनी मन लावून ऐकलं.

त्यांनी जाब विचारला, तर आता साहेब म्हणतात, यंत्र या सुतारानं लावलं, हा परक्या देशाचा हेर आहे. मी हेर आहे असं लिहून दिलं तर तुरुंग, नाही दिलं तर नोकरी जाणार. काय करू?

लोभ आहे तसाच ठेवा, बाकी सगळं डळमळतंय.
तुमचा धाकटा

दि. ९ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं माझ्याआधी वाचलं. ती म्हणते, लपाछपीत राज्य आलं की रडणारा हा कसला हेर! मला मात्र हसू येईना. देवापुढे बसलो, तर डोळ्यांपुढे तूच. भिऊन यंत्र बसवलंस ते वाईटच केलंस. आता भिऊन खोटं लिहून देऊ नकोस. खरं सांगून तुरुंगात गेलास तरी मी डबा घेऊन येईन. वहिनी म्हणते, तिथे तरी वेळेवर जेवशील.

जिवाला जप. आमची माया आहेच.
दादा

दि. २० जून
ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांनी बोलावलं. यंत्र खुर्चीतच होतं. फर्निचर उघडायची परवानगी फक्त सुताराला, आणि सुतार निलंबित! म्हणून साहेब खिडकीशी उभे राहून कुजबुजत होते, की लिहून दे, तुझं घर मी सांभाळतो. मी म्हटलं, यंत्र तुम्हीच बसवायला लावलंत, तेच मी सांगणार.

साहेब भडकले. पण उभ्यानं त्यांना दम देता येईना. सवयीनं जाऊन खुर्चीत बसले, टेबलावर हात आपटला आणि गरजले, की हो, मीच लावलं, धरणाचे पैसेही मीच खाल्ले, तुझं ऐकतो कोण?

चिटणिसानं तेही पाठवलं.

साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. मी कामावर रुजू झालो. नव्या मंत्र्यांनी पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं आणि समोरच्या दालनाकडे बोट दाखवलं. मी हात जोडून सांगितलं, की हे काम करायला आमच्या दादांची मनाई आहे. त्यांचा चेहराच उतरला. दादा कोणत्या गटाचे, असं फार अदबीनं विचारू लागले. मी पुन्हा नुसते हात जोडले, तशी त्यांनी माझी बदली मोडक्या सामानाच्या गोदामात केली, पगार वाढवून. निघताना म्हणाले, दादांना नमस्कार सांगा.

तो या पत्री पोचवतो. कृपा असू द्या, तुमचा वर बराच वट आहे म्हणे.
तुमचा धाकटा