त्रिनिदादच्या बाजारातली सुकेळी

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
१२ एप्रिल २००३

प्रिय जिजाकाकी,

तेजस्वीचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? प्रितेशदादाच्या लग्नाची धावपळ एकटीने अंगावर घेऊ नकोस. माझ्या आईला कामाला लाव, तिला नाहीतरी हुकूम सोडायची हौस आहे. हे पत्र मात्र एकटीने वाच.

या अभ्यासदौऱ्यात आमच्या कॉलेजच्या मॅडमनी प्रत्येकीला या बेटाच्या संस्कृतीतला एकेक विषय वाटून दिलाय. विनीला तेलाच्या पिंपांपासून केलेली वाद्यं मिळाली, ती दिवसभर बडवते आणि आमची डोकी उठवते. मला बाजार आणि खाणं मिळालं. अभ्यास कसला, चंगळच! इथले हिंदू पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. अंगणात बांबूला रंगीत झेंडे लावतात. बोली विसरले, पण चणे-पुरी काही विसरले नाहीत.

उगाच पाल्हाळ लावतेय. सांगायचं दुसरंच आहे आणि हात पुढे सरकत नाही.

परवा बाजारात एका बाईच्या टोपलीत सुकेळी दिसली. सुकवलेली केळी कुठेही मिळतील, पण ही वाळक्या पानात गुंडाळून केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली, थेट आपल्या वसईच्या वाडीत बांधतात तशी. मी आनंदाने ओरडलेच. ती बाई, रोझलिन, हसून म्हणाली, "माझा नवरा करतो. तोही इंडियाचाच. चल घरी." वसईचं कोणी भेटलं तर वहीची चार पानं आयतीच भरतील, म्हणून गेले.

मागच्या अंगणात मांडवावर केळी वाळत होती आणि एक माणूस ती उलटत होता. मी विचारलं, "काका, वसईचे का?" त्याने हातातलं केळं मांडवावर ठेवलं. मग म्हणाला, "बाय, पानी पितेस?"

काकी, तो हरेश्वरकाका होता. तुझ्या घरातल्या हार घातलेल्या फोटोतला, आपला हरेश्वरकाका. मी बाबांचं नाव सांगितलं तसा तो मटकन खाली बसला. नोकरीच्या जहाजावरून बेपत्ता झाला अशी तार आली, आणि बुडालाच असणार हे आपणच ठरवलं. बारा वर्षं वाट बघून दर्भाचा पुतळा जाळला, दादाचं मुंडण झालं, आणि हा इथे केळी उलटतोय! पितृपक्षात कावळा शिवत नाही म्हणून तू पानासमोर हात जोडून रडायचीस. शिवेल कसा? ज्याचं पान, तो इथे जेवत होता.

"का?" मी ओरडले.

"सगल्यांचं ओझं झालेलं, बाय. दोन दिस राहू म्हनलं, मंग तोंड दाखवायची लाज वाटली."

मला त्याची भयंकर चीड आली, अजून उतरलेली नाही. रोझलिन तेवढ्यात हसतमुखाने चहा घेऊन आली. तिला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही.

त्याने विहिरीचं विचारलं, राजेळी केळींचं विचारलं. दादाचं लग्न आहे म्हटल्यावर रडला. तुझं नाव घेतलं ते मी निघताना. "जिजानं दुसरं घर केलं असंल ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या नावाने मोकळं कपाळ घेऊन बसलीये. लेकाला हळदही लावणार नाही म्हणते."

त्याने फाटक धरलं. "सांगू नको तिला. मेलेलाच बरा हाय मी."

मी शब्द दिला नाही.

फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन शेजारच्यांकडे, ऐकायला सगळी आळी. आणि मी परत येईपर्यंत पत्रिका छापून झाल्या असत्या. त्यावर 'कैलासवासी हरेश्वर', तू मांडवाच्या कोपऱ्यात, आणि सगळं ठाऊक असून मी वरातीत नाचतेय, हे माझ्याने होणार नाही. बाबांना कळवलेलं नाही. त्याला बोलाव, शिव्या घाल, नाहीतर मेलाच समज. ते तूच ठरव. पण हळद तू लाव. दादाला पहिली हळद तूच लावायची.

पाकिटावर तुझ्या नावाआधी नेहमी 'श्रीमती' लिहिते. आज लिहवेना. 'सौ.' लिहायला गेले, तेही लिहवेना. शेवटी नुसतं 'जिजा' लिहिलंय.

तुझीच,
तेजस्वी