जोजाची हाक

४ मार्च
आले एकदाची सासरी. होडीत बसून बसून कंबरेचे तुकडे पडले, त्यात सातवा महिना. पण घर बघून जीव सुखावला. अख्खं कुळ एकाच लांबलचक घरात. ओसरीवर शिकारीच्या कवट्या टांगलेल्या, तोंडं आत, माणसांकडे. नणंद माने म्हणाली, वहिनी, किनाऱ्यावर लिहायला शिकलात, आता सागो, झाडाचा गाभा, कुटून पीठ काढायला शिका. शिकते बाई.

११ मार्च
रोज सागो, रोज अळकुड्या. तोंडाला चव नाही, बसल्या जागी डोळा लागतो. बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीव मारायचा नाही, म्हणून लागाई धनुष्याला हात लावत नाही. मीच भांडून, रडून त्याच्याकडे मांस मागितलं.

१५ मार्च
लागाईने जोजा पाडली. काळी पाठ, पांढरा गळा, पाला खाऊन जगणारी गरीब वानरी. हल्ली दिसतात कुठे? घरात सांगितलं, बाण धाकट्या भावाने मारला. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला, मीही पोटभर खाल्लं. सासरे तेउ गुलू घरचे वैदू. त्यांनी कवटीला फुलं खोचून समजूत घातली: रागावू नकोस, इथंच राहा, तुझ्या लेकरांनाही बोलाव. मी कवटीखालीच बसले होते. पोटातलं बाळ गर्रकन वळलं.

१९ मार्च
तिचा नर समोरच्या झाडावर येऊन बसलाय. जोजांची जोडी एकमेकांना साद देत ओरडते. हा एकटाच ओरडतो, मग तिच्यासाठी थांबतो. तो थांबला की माझं बाळ लाथ मारतं. माने म्हणते, भाचा गाणारा होणार बघा. मला हसू येत नाही.

२२ मार्च
फार दमलेय. सागो गिळवत नाही. आज अंगणातली कोवळी पानं ओरबाडून खाल्ली. गोड लागली, हात थांबेना. लागाईने पाहिलं आणि रडायलाच लागला.

२४ मार्च
त्याने शेवटी तेउंना खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, अरे वेड्या, मी तिला लेकरं बोलवायला सांगून बसलो. मारणाऱ्याचं मूल अजून पोटात असलं, तर ते तिच्याच हाकेला जातं. कवटी उतरवली, रानात नेऊन ठेवली. घंटी वाजवून बाळाच्या जिवाला परत बोलवायला बसले, आणि मध्येच थांबले. जीव नावानेच परत येतो. आणि बाळाचं तोंड बघितल्याशिवाय आमच्यात नाव ठेवत नाहीत.

मला भीती वाटते. मांस मीच मागितलं होतं.

२६ मार्च
आज नर ओरडला. थांबला. उत्तर आलं — झाडावरूनच. बारीक आवाज.
पोट गार पडलंय. हलत नाही. मी किती चोळलं —

२७ मार्च
नराच्या छातीला पिल्लू. पांढरं. कालपर्यंत नव्हतं. सगळ्यांना दिसतंय.

दुपार
खालच्या फांदीवर आलंय. माझ्याकडे बघतंय. नाक लागाईचं —
तोंड बघितलं मी. आता नाव ठेवता येईल. तेउ आडवे आलेत, म्हणतात, झाडावर असताना नाव दिलंस तर ते कायमचं झाडाचंच होईल. पण ते हात पुढे करतंय — आई आहे मी, हाक न मारता कशी राहू — ये, ये रे माझ्या —