हेडमास्तरांचा पाहुणा

५ फेब्रुवारी

कुत्रा! एवढंच बाकी होतं.

दुकान बंद करून वर आलो तर बाथरूममध्ये सासरे उकिडवे बसलेले आणि माझा टॉवेल — माझा! — एका चिखलाच्या गोळ्याभोवती गुंडाळलेला. गोळ्याला डोळे होते. केबलसाठी खणलेल्या खड्ड्यात पडलं होतं म्हणे ते ध्यान. लोक वाकून बघत होते आणि पुढे जात होते. मग हे उतरले. खालून साधा पेपर आणायला सांगितलं तर गुडघे दुखतात. खड्ड्यात उतरायला दुखत नाहीत!

बायको म्हणाली, "दोन दिवस राहू दे. बाबांना काही बोलू नका हं." बाबांना काही बोलू नका. वर्षभर हेच ऐकतोय.

६ फेब्रुवारी

एक कान फाटका. मागचा पाय लंगडा. रंग भिजलेल्या पोत्याचा. झाडू दिसला की थेट कपाटाखाली. म्हणून तो जागा असताना घरात झाडू मारायचा नाही, असं ठरलंय. कोणी ठरवलं? हेडमास्तरांनी!

हेडमास्तर म्हणजे सासरेच. मनातल्या मनात मी त्यांना हेच म्हणतो. जन्म गेला लाकडाच्या वखारीत, पण तोरा असा की जणू आम्ही सगळे चौथीत नापास. "दिवा कोणी चालू ठेवला?" "नळ कोणी गळता ठेवला?" घर माझं, दिवा माझा, नळ माझा.

कुत्र्याला ते 'पाहुणा' म्हणतात. "पाहुण्याला जरा दूध द्या हो, जावईबापू." मी दिलं नाही. बायकोने दिलं.

७ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. कुत्रा आहे तिथेच.

९ फेब्रुवारी

स्पष्टच लिहितो, इथे कोण वाचतंय! सासूबाई गेल्या, हेडमास्तर एकटे पडले, बायको रडली, मी 'या' म्हटलं. चांगुलपणाचा झटका आला होता. काच घासायची माझी खोली त्यांना दिली. मशीन आलं जेवणाच्या टेबलावर. तेव्हापासून एका बाजूला डाळीचं पातेलं आणि दुसऱ्या बाजूला लोकांचे चष्मे. पुसून पुसून हात दुखतात, तरी कुणाच्या ना कुणाच्या काचेवर तेलाचा डाग निघतोच. परवा एक बाई म्हणाल्या, "चष्म्याला फोडणीचा वास येतोय का हो?" हसून वेळ मारून नेली.

आणि आता त्या खोलीत दोघं. एक रेडिओ लावतो, दुसरा रेडिओवर भुंकतो. मला माझी खोली परत हवीय. बाकी काही नको.

१० फेब्रुवारी

आज कडेलोट झाला! दुरुस्तीला आलेली फ्रेम टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो. परत येतो तर दोन्ही काड्या चघळून ठेवलेल्या. महागातली फ्रेम, आणि गिऱ्हाईक असं की स्क्रू बदलला तरी दोनदा तपासून घेणार. आता त्याला काय सांगू? कुत्र्याने खाल्ली?

तोंड सुटलं माझं. "हे घर आहे, धर्मशाळा नाही! कोणीही यावं, पथारी पसरावी, आणि मी फुकट पोसत बसावं! बास झालं. ज्याने त्याने आपापला ठिकाणा बघावा!"

बायको पांढरीफटक. "अहो, हळू! बाबा आत आहेत."

"असू देत! कुत्र्याबद्दल बोलतोय मी!"

आतला रेडिओ बंद होता. मला वाटलं होतं चालू आहे.

११ फेब्रुवारी

आश्चर्य! सकाळी चहाला हेडमास्तर स्वतःहून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. कायमचं घर शोधायलाच हवं. पण शोधेन मी. तिथे जाईन, बघेन, बोलेन. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

मी कशाला पडतोय मध्ये! दुकानाच्या काचेवर त्यांनीच कागद लावला. अक्षर मात्र छान आहे म्हाताऱ्याचं. 'चांगल्या घरी देणे आहे. स्वभाव गरीब. खाणं कमी.' खाणं कमी? रोज चार पोळ्या हाणतो ते ध्यान!

१४ फेब्रुवारी

समोरचा चपलांचा दुकानदार आला. त्याला गोदामात राखणीला हवाय. ध्यान त्याच्या पायात लोळलं, त्याने पोट खाजवलं, झालं! मी मनात मशीनची जागासुद्धा ठरवली. हेडमास्तर त्याच्या घरी जाऊन आले आणि म्हणाले, "नाही जमायचं तिथे."

"का?"

"नाही जमायचं."

एवढंच. वर खोलीत जाऊन दार लावून घेतलं. चपलेपाशी झोपायला मिळतंय, कुत्र्याला याहून मोठा स्वर्ग कोणता? पण नाही. यांच्या पसंतीला उतरायला हवं ना!

१७ फेब्रुवारी

शाळेची व्हॅन चालवणारा, त्याची बायको आणि मुलगी. मुलगी ध्यानाच्या गळ्यात पडून सुटेचना. व्हॅनवाल्याने जाता जाता डोळ्यांचा नंबरही काढून घेतला. कुत्र्याच्या पायगुणाने पहिलं गिऱ्हाईक!

संध्याकाळी हेडमास्तर त्यांच्याकडे गेले. स्वच्छ धुतलेला शर्ट, दाढी घोटून. मुलगी बघायला चाललेत जणू! परत आले तेव्हा दम लागलेला.

"जिना फार आहे," म्हणाले.

जिना! कुत्र्याला! तो दिवसातून दहा वेळा आमचा जिना वरखाली करतो. बायकोला म्हटलं, "तुझ्या वडिलांना कुत्रा द्यायचाच नाहीये. चाललंय ते नाटक आहे." ती म्हणाली, "जीव लागलाय हो त्यांचा." माझा जीव जातोय त्याचं काय?

२० फेब्रुवारी

गाणं शिकवणाऱ्या बाई. ऐसपैस घर, पुढे अंगण, मागे अंगण, एकट्या. याहून चांगलं घर मलाही मिळणार नाही. हेडमास्तर दोन तास बसून आले. मला वाटलं, जमलं!

"बाई भल्या आहेत," म्हणाले. "पण नाही."

मी विचारलं, "आता काय खोड काढलीत?"

माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. रुसले असणार. रुसू देत!

२१ फेब्रुवारी

बायकोशी भांडण. विषय तोच.

२३ फेब्रुवारी

हेडमास्तर दिवसभर बाहेर असतात हल्ली. ध्यान दोरीला बांधून गल्ल्या पालथ्या घालतात. ओळख ना देख, सरळ लोकांच्या बेल वाजवतात म्हणे. नळदुरुस्तीवाला सांगत होता, "तुमचे सासरे फार मनावर घेतायत हो." मी म्हटलं, "कुत्र्यासाठी एवढं, माणसांसाठी काही नाही." तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाहीत.

घरी आले की गप्प. दिवे, नळ, कशावर काही नाही. आज मी मुद्दाम नळ गळता ठेवून बघितला. उठले, बंद केला, जाऊन बसले. वाढीव नाटक! मला कसंतरीच झालं.

२६ फेब्रुवारी

ठरलं! ठरलं! ठरलं!

मोठ्या चौकामागे गॅरेज आहे, त्याचा म्हातारा मालक. बायको नाही, पोरं दूरदेशी, गॅरेजमागे दोन खोल्या. कानाने जवळजवळ ठार बहिरा. म्हणजे भुंकण्याचा प्रश्नच मिटला! हेडमास्तर येतानाच हसत आले. "पसंत आहे," म्हणाले. "भला माणूस आहे. एक खोली मोकळीच असते त्याची. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो म्हणालाय."

कुत्र्याला स्वतंत्र खोली! मला टेबलाचं अर्धं टोक! जाऊ दे. आज मला राग यायचा नाही. बायकोला म्हटलं, "बघ, मी त्या दिवशी ठणकावून सांगितलं म्हणून झालं." ती कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला त्या ध्यानाचा लळा लागलाय.

आता शेवटचं काम. रविवारी कुत्रा गेला की हेडमास्तरांशी खोलीचं बोलायचं. त्यांची कॉट हॉलमध्ये येईल. एकटं माणूस, कितीशी जागा लागते? जुन्या खोलीत मशीन खिडकीखाली बसेल. माप घेऊन आलो. हेडमास्तर आतच होते. म्हणाले, "खिडकीखालीच ठेवा. उजेड चांगला येतो सकाळी." मी न विचारताच! किती वर्षांत इतकं सरळ बोलले असतील!

२८ फेब्रुवारी, शनिवार

व्हॅनवाला चष्मा न्यायला आला. नाकावर बसवून दिला, कानामागे वाकवून दिला. सहज म्हटलं, "कुत्र्याला घर मिळालं बरं का. तुमची संधी हुकली."

तो म्हणाला, "आम्ही काय नाही म्हणत होतो का? पोरगी दोन दिवस जेवली नाही. पण आजोबांसकट कसं घेणार हो? दोन खोल्या आमच्या, त्याही चौथ्या मजल्यावर. ते म्हणत होते, पेन्शन आहे, भार होणार नाही, कोपरा पुरेल. बायकोला रडूच आलं."

मी त्याला सुटे पैसे द्यायचे विसरलो.

समोर गेलो. चपलावाल्याला विचारलं. त्याने मान खाली घातली. "मलाही तेच म्हणाले. कुत्रा ठेवतो म्हटलं, माणूस कसा ठेवू? खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय त्यांना."

गाण्याच्या बाईंकडे जायचं धाडस झालं नाही. म्हणजे कुत्र्याला कोणीच नकार दिला नव्हता. प्रत्येक दारात नकार मिळाला तो यांना. आणि बहिऱ्या गॅरेजवाल्याने दिली ती खोली कुत्र्याला दिलेली नाही. मला राग आला. कोणाचा, ते कळेना. एवढा वाईट आहे का मी, की ओळख नसलेल्या लोकांकडे कोपरा मागावा लागला?

वर आलो. खोलीत हेडमास्तर इस्त्री करतायत. बायको हसत बाहेर आली, म्हणाली, "अहो, बाबांची गंमत बघा. पाहुण्याला सोडून यायचं, तर सगळेच्या सगळे शर्ट काढलेत इस्त्रीला!"

तिला सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि खिशातला खोलीच्या मापांचा कागद चुरगळला.