टेकायला भिंत

१८ नोव्हेंबर
आम्ही आखलेलं आजींचं विरंगुळा केंद्र वास्तुकलेच्या पारितोषिकाच्या शेवटच्या तीन इमारतींत आलं. निवड समितीच्या सचिवांनी सकाळी फोन करून पक्कं केलं. पाच डिसेंबरला ते पाहायला येणार — इमारत वापरात असताना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

आईला लगेच फोन. केंद्र तिच्याच गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर. गर्दी असते ना, विचारलं. "अगं, बसायला जागा नसते," म्हणाली.

भागीदार थाकने सगळ्या ऑफिसला तळलेलं चिकन आणि बिअर मागवली.

२२ नोव्हेंबर
फोटो काढायला न कळवता गावी गेले. चारी बाजूंनी काच, पलीकडे कापणी झालेली भातशेतं — कागदावर काढलं होतं अगदी तसंच. आत सगळे दिवे चालू, टीव्ही चालू, आणि एकटी आई. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, पाय लांब करून, फ्रीजला पाठ टेकून बसलेली. अख्ख्या हॉलमध्ये टेकण्यासारखी तेवढीच एक वस्तू.

मला पाहून घाईने उठली. आज किमची, हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, घालायचा दिवस, सगळ्या तिकडे गेल्यात, म्हणाली. हात मात्र कोरडे. किमचीच्या दिवशी माझी आई कधी अशी रिकामी बसलेली नाही.

२३ नोव्हेंबर
बुगोक हे माहेर, म्हणून बुगोकवाल्या मावशी; त्यांच्या लसणाच्या गोदामात सापडल्या सगळ्या. रांगेने भिंतीला टेकून, पायांवर विजेचं पांघरूण, त्यावर पत्त्यांचा डाव. मला भाजलेलं रताळं दिलं. कोणी रागाने बोललं नाही. तेच जास्त लागलं.

"हॉल देखणा आहे गं, ह्वाजंग," मावशी म्हणाल्या. "पण आत बसलं की हॉटेलच्या काचेच्या टाकीतल्या जिवंत माशासारखं वाटतं. रस्त्यावरचा एखादा म्हणायचा, ती जाडी काढा, आज तीच कापू."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्या हळूच म्हणाल्या — काचेला पाठ टेकायला भीती वाटते, आणि टेकल्याशिवाय या वयात बसवत नाही. तुझ्या आईला कितीदा बोलावलं, येत नाही. लेकीने बांधलेलं अंधारात नको, म्हणते.

२७ नोव्हेंबर
थाकला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आजींना आणून बसवू, चांगलं जेवण देऊ. आणि मी हो म्हटलं. लगेच! आईला फोनही मीच केला. तिने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली —

"किती जणी हव्यात?"

जणू मी कोबीच मागवत होते.

३० नोव्हेंबर
समितीसाठी जुने कागद चाळत होते. सादरीकरणाचं पहिलं पान : आम्ही पाडलेल्या जुन्या केंद्राची भिंत. वॉलपेपरवर तेलकट डागांची रांग, वर्षानुवर्षं डोकी टेकून पडलेली. खाली माझेच शब्द — 'जागेची दुरवस्था'.

याच रांगेत, आईच्या मांडीवर, मी वाढले. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. पाहिलं, फोटो काढला, आणि भिंत काढून टाकली — का, तर शेत आत यावं! आणि कॉलेजात विद्यार्थ्यांना सांगते, आकार नंतर. आधी माणूस कसा बसतो ते बघा.

२ डिसेंबर
'कोणाला बोलावू नकोस' हे सांगायला फोन उचलला. ठेवला.

४ डिसेंबर
आईचा फोन. मागे बायकांचा गलका. सगळ्या यायला तयार झाल्या, म्हणाली, पण पाठ टेकायला आपापलं घेऊन येऊ म्हणाल्या. बुगोकवाल्यांचं लग्नातलं शिंपल्यांच्या नक्षीचं कपाट आलं, मग इतर जणींची, ट्रॅक्टरवरून. शेताकडची काच पार झाकली गेली.

"रागावू नकोस. समितीपुरती बाजूला करू."

तू कुठे बसली आहेस, विचारलं.

"मधल्या कपाटाला टेकून."

हलवू नका म्हटलं. थाकला अजून सांगितलेलं नाही. समिती उद्या सकाळी अकराला पोचेल.