लायल हूडेकला घर का दिले

मी, विल्मा इंग्रिड टोर्गरसन, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार ब्रेंटविक, सस्कॅचवान, कॅनडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणील अशा हिमतीचा माणूस या गावात मी तरी पाहिलेला नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे राहते घर कोणाला मिळणार, यावर गाव टपून बसले आहे. ते सांगते. आधी किरकोळ वाटप उरकते.

२. पुतण्या केनेथ. गेल्या ईस्टरला जेवायला आला आणि माझी पाठ वळताच बैठकीची खोली मोजायला लागला. मोजपट्टी इथेच विसरला. ती त्याला परत द्यावी. त्याखेरीज माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेवर त्याचा कसलाही हक्क नाही.

३. डोरीन प्रिचर्ड, गावाच्या सभागृह समितीची अध्यक्ष. समितीच्या दरवर्षीच्या टर्की पक्ष्याच्या जेवणासाठी मी एकतीस वर्षे पोत्याने बटाटे सोलले. तेवढ्या काळात डोरीनने भाषणे केली, आणि दुकानातून आणलेल्या भोपळ्याच्या गोड पाई घरच्या ताटलीत घालून स्वतःच्या म्हणून मांडल्या. सगळ्यांना माहीत होते, बोलले कोणी नाही. भित्रेपणाला सभ्यता म्हणायची या गावाची जुनी सवय आहे. माझ्या काचेच्या चारही ताटल्या तिला द्याव्यात. समितीने मला दिलेले ‘निःस्वार्थ सेवे’चे घड्याळही तिलाच. मी निःस्वार्थ नव्हते. घरी एकटीला बसवत नव्हते म्हणून जात होते.

४. आता घर. घर, मागची बाग आणि सगळी पुस्तके लायल हूडेक यास, कोणतीही अट न घालता. हो, रस्त्यावरचा बर्फ काढतो तोच लायल. कारण लिहिणे भाग आहे.

१९७४ साली लायल माझ्या पाचवीच्या वर्गात होता. त्याला एक ओळ धड वाचता येत नव्हती. मी त्याला पास केले. दया म्हणून नव्हे. त्याच्या कपड्यांना डुकरांचा वास यायचा आणि तो मला आणखी एक वर्ष समोर नको होता. पुढच्या शिक्षकांनीही तेच केले. डोरीनची आणि केनेथची लबाडी माझ्या त्या एका सहीपुढे काहीच नाही. मला स्वतःची किळस येते.

बावन्नाव्या वर्षी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“बाई, पोरीचं पत्र आलंय. जरा वाचून दाखवता का? चष्मा विसरलो.”

“लायल, चष्मा तुझ्या नाकावर आहे.”

तो मटकन खुर्चीत बसला आणि रडला. ते पत्र चार महिने त्याच्या खिशात होते. मी वाचून दाखवले आणि उद्यापासून रोज वाचायला शिकायला येत जा म्हणाले. तो नऊ हिवाळे आला.

समितीला चिटणीस हवा होता तेव्हा मी त्याचे नाव सुचवले. डोरीन भर सभेत म्हणाली, “अगं विल्मा, लायल काय वाचणार? त्याच्या हातात फावडंच बरं!” सगळे हसले. लायलही हसला. माझ्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. त्या दिवशी मीही सभ्य झाले.

५. मृत्युपत्राचा व्यवस्थापक लायलच. दफनानंतर सभागृहात, कॉफी ओतण्याआधी, सगळे बसलेले असताना त्याने हे पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचावे. मी त्याला मसुदा दाखवला.

“बाई, ते डुकरांचंसुद्धा वाचू?”

“नको असेल तर खोडते.”

“राहू द्या. खरंच आहे ते. पण मी अडखळणार हो, एवढ्या लोकांत.”

“अडखळ की.”

तर आता तो उभा आहे आणि तुम्ही बसला आहात. त्याचा शब्द अडला तर कोणी पुढचा शब्द पुरवायचा नाही. खाकरायचे नाही, घड्याळाकडे बघायचे नाही. डोरीन, तू तर मुळीच नाही. त्याचे वाचून होईपर्यंत थांबायचे. पाचवीच्या वर्गात मी थांबले नव्हते.

स्वाक्षरी: विल्मा इंग्रिड टोर्गरसन

साक्षीदार (दोघांनाही यातले काही मिळणार नाही, म्हणूनच निवडले):
१. अँसेल विब, औषधविक्रेता
२. रोवेना मकासकिल, टपाल कचेरी

ब्रेंटविक, १९ फेब्रुवारी २०२४