भीमाचार्यांच्या हळदीचा आलेख

मल्लेश्वरम, बेंगळुरू
रविवार

ती. स्व. जयसिंगराव अण्णा यांस,

बातमी आधी, नमस्कार मागून; वर्तमानपत्रातली सवय निवृत्तीनंतरही जात नाही. तुमच्या संयोगिताच्या प्रयोगात निघालेला ऑक्सिजन खरोखर पाण्यातूनच निघालेला आहे. यशवंतपूरकडच्या दुसऱ्या एका संस्थेतल्या शिवलीला मॅडमनी आपल्या यंत्रावर तपासून शुक्रवारी दुजोरा दिला. आता शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? नवी लेथ स्वल्प तरी वळणावर आली का? (हे फोनवरच विचारलं असतं, पण मुलीचं नाव निघालं की तुम्ही ‘सरी, सरी, बरं’ म्हणून फोन ठेवता. म्हणून कागद.)

पीएच.डी.च्या पाच वर्षांत दाखवण्यासारखं काही निघालं नाही तर दिवाळीनंतर होसकोट्याला येऊन कारखान्याचं ऑफिस सांभाळायचं, असं तुम्ही तिला बजावलंत. ती राहते माझ्याकडे, त्यामुळे त्या मुदतीची धग मलाही लागत होती. तिचं काम थोडक्यात असं: झाडाचं पान उन्हात पाणी फोडतं आणि ऑक्सिजन सोडतं. हे फोडण्याचं काम पानातले मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, असे मिळून करतात. तसलंच मँगनीजचं संयुग जुळवून, त्यावर प्रकाश सोडून ती पाणी फोडू पाहते. (पानाला कोणी दिवाळीची मुदत घातली नव्हती, हे मी तिच्यासमोर बोललो नाही.)

तिचे मार्गदर्शक भीमाचार्य. माणूस थोर, घरी आपल्यासारखंच कानडी मिसळलेलं मराठी. दर आयुधपूजेला ते सोवळं नेसून प्रयोगशाळेत येतात आणि तुम्ही लेथला लावता त्याच भक्तीने यंत्रायंत्राला हळदकुंकू लावतात. यंदा मलाही बोलावणं होतं. फाटकाशी कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले. पूजेच्या भरात आचार्यांनी संयोगिताच्या यंत्रातली चौकोनी काचेची कुपीसुद्धा सोडली नाही. मागाहून कोणीतरी ती पुसून जागेवर ठेवली. पुसली म्हणजे हळद सगळ्या काचेवर सारखी पसरली.

सुट्टीनंतर कुपीतून प्रकाश सोडून केलेल्या पहिल्याच मोजणीत आलेखावर असा सुळका उभा राहिला, की तसा कोणी पाहिला नव्हता. आचार्यांनी विभागभर म्हैसूरपाक वाटला, परदेशातल्या दोन मित्रांना कळवलं, आणि मला फोन करून सांगितलं की तुमच्या पुतणीने पानाचं गुपित धरलं.

अण्णा, ती गप्प राहिली असती तर तुमच्यापुढे ठेवायला तो सुळका पुरेसा होता. पण बाकीचे म्हैसूरपाक खात असताना हिने रिकामी कुपी यंत्रात ठेवली. सुळका तसाच. मग कुपी आम्लाने धुतली. सुळका गायब. मी तिला घरी न्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. ती सरळ आचार्यांच्या खोलीत गेली.

“सर, तो सुळका मँगनीजचा नाही. हळदीचा आहे.”

“कुठली हळद?”

“तुमची. पूजेची.”

आचार्यांनी आपलं बोट बराच वेळ न्याहाळलं. “आणि कुंकू?”

“कुंकू तुम्ही स्वल्पच लावलं होतं, सर.”

मला वाटलं, संपलं. आचार्य चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. “सरी. म्हैसूरपाक परत मागता येत नाही, शब्द परत घेतो,” म्हणाले आणि तिच्यासमोरच दोन्ही मित्रांना चूक कळवली. (चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण इतक्या तत्परतेने दिलेली दुरुस्ती मी पाहिली नव्हती.) धुतलेल्या कुपीत संयुग घालून मोजलं, तेव्हा सुळक्याच्या आड दडलेला एक बारीकसा फुगवटा उरला. तो मात्र तिच्या संयुगाचा. मग तिने सगळं पहिल्यापासून केलं, आणि त्यातला ऑक्सिजन तो हा, शिवलीला मॅडमनी तपासलेला.

वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
शंभूराज

ता. क.: मंगळवारी पीएच.डी.च्या समितीपुढे तिचं भाषण आहे. घरच्यांना बसता येतं. तुम्ही यावं एवढ्यासाठीच हे पत्र. गुडघा आणि लेथ ही निमित्तं.

आणखी ता. क.: तुम्ही येणार, असं मी तिला सांगूनच टाकलं आहे. आचार्य भाषणानंतर तुम्हाला गाठणार आहेत. थोरांना त्यांची चूक तोंडावर सांगायची खोड मुलीला कोणाकडून आली, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं आहे. ती शेजारीच उभी असेल.